ऑडी क्यू थ्री की फोर्च्युनर फोर बाय फोर: नागपूरवाल्याने पन्नास लाख कुठे टाकावे

बजेट ऑन रोड पन्नासच्या आसपास गेलं की नागपुरात गोष्ट दोन गाड्यांवर येऊन अडते, एकीकडे ऑडी क्यू थ्रीसारखी आटोपशीर लक्झरी एसयूव्ही आणि दुसरीकडे फोर्च्युनर. आमच्या भाऊजींकडे हाच विषय दिवाळीपासून सुरू होता, राहणं मनीषनगरात, संत्र्याचा बगीचा काटोल तालुक्यात, घरी भाऊजींची आई म्हणजे काकू, गुडघे दुखतात त्यांचे, आणि ताईला रोज गाडी शहरात चालवायची असते. दोन्ही गाड्या मी स्वतः चालवल्या, शोरूमच्या चकरेपुरत्या नाही तर नीट, म्हणून लिहून राहिलो. निकाल आधीच सांगून टाकतो: ज्याची गाडी पावसाळ्यात पांधण रस्त्याला, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेला उतरते त्याने फोर्च्युनर फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी) घ्यावी, बाकी सगळ्यांनी क्यू थ्री, आणि फोर्च्युनर फोर बाय टू (फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी) माझ्या मते कोणीच घेऊ नये.

आता पांधण म्हणजे काय हे ज्याने ऑगस्टमध्ये पाहिलं नाही त्याला सांगतो. आपल्याकडची काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते, मग ती वाळूसारखी सरकत नाही की मुरमासारखी दबत नाही, ती टायरला चिकटते. पन्नास पावलं गेलं की टायरच्या सगळ्या खाचा भरून टायर पूर्ण गुळगुळीत, वरून चिखल मडगार्डच्या आत जाऊन बसतो आणि चाक फिरायलाच जड होते. अशा वेळी गाडीत किती पॉवर आहे हे विचारून काही फायदा नाही, चाक जागेवर फिरते आणि गाडी आणखी खाली बसते. आणि नेमका ह्याच दिवसांत संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल झाडावर असतो, फवारणी थांबवता येत नाही, माणसं न्यावी लागतात, औषध न्यावं लागते. गाडी फसली की शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, अर्धा दिवस गेला.

फोर्च्युनरचा फोर बाय फोर इथे खरा कामाचा आहे. लॅडर फ्रेमवरची, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली गाडी, वजन दोन टनांच्या वर, २.८ लिटरचं डिझेल, ऑटोमॅटिकमध्ये २०४ पीएस आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क, पण ह्या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लो रेंज, वेग कमी आणि ओढ जास्त देणारा गिअर. नॉब एल फोरवर फिरवला की गाडी मुंगीच्या चालीने, एक्सलेटरला जेमतेम पाय टेकवून, चिखलातून ओढत निघते, चाकं उगाच फिरत नाहीत. भाऊजींच्या एका मित्राच्या गाडीत आम्ही बगीच्यापर्यंत गेलो, नाल्याजवळच्या उतारावर जिथे दरवर्षी कोणी ना कोणी फसते तिथे गाडी एकदा आडवी घसरली, मग स्वतःच सरळ होऊन वर चढली, मागच्या सीटवर बसलेला आमचा गडी म्हणे, "दादा, आता ट्रॅक्टर इकून टाका." पण त्या गाडीला ऑल टेरेन, म्हणजे खोल खाचांचे, कच्च्या रस्त्याचे टायर टाकलेले होते हे लक्षात ठेवा. कंपनीतून येणारे टायर रोडचे असतात, काळ्या मातीत ते तेवढ्याच लवकर भरतात, मग फोर बाय फोर असूनही तुम्ही तिथेच. फोर बाय फोर चाकाला ताकद पोहोचवते, माती पकडायचं काम टायरचंच.

अजून एक, फोर्च्युनरची ही सिस्टीम पार्ट टाइम आहे, म्हणजे लागेल तेव्हाच आपण लावायची, मधात सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग नाही, म्हणून कोरड्या डांबरी किंवा सिमेंट रोडवर एच फोर (नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर) लावून चालवायची नसते, वळताना पुढच्या मागच्या चाकांची ओढाताण होऊन गिअरचा सत्यानाश होते. रस्त्यावर ती निव्वळ मागच्या चाकांवर चालते.

क्यू थ्रीलाही क्वाट्रो आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते, पण गरज पडेल तेव्हा आपोआप, आणि लो रेंज नाही. पावसात भिजलेल्या रोडवर, कोंढाळीच्या घाटातल्या वळणावर, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर हीच सिस्टीम फोर्च्युनरपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण तुम्हाला काहीच करावं लागत नाही. पेंचला सिल्लारी गेटपर्यंत जायचं, रामटेकला खिंडसीवर जायचं, ताडोबाच्या रिसॉर्टला जायचं, एवढ्यासाठी क्यू थ्री कुठेच कमी पडत नाही. जंगलात आत तर जिप्सीनेच जावं लागते, तुमची गाडी कोणतीही असो ती गेटवरच राहते, मग "ताडोबाला जातो ना आम्ही" हे कारण सांगून फोर्च्युनर घेण्यात काही अर्थ नाही.

आणि समृद्धी महामार्गावर तर क्यू थ्रीचा नाद करू नये. नागपूरजवळ शिवमडक्याला चढलं की समोर पार मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटरचा सिमेंट रोड, १२० ची लिमिट, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल १९० पीएसचं, ओव्हरटेक करायला विचारच करावा लागत नाही, बॉडी खाली बसल्यासारखी स्थिर राहते, आत आवाज कमी आणि पाठ दुखत नाही. फोर्च्युनर त्याच स्पीडला चालते, पण उंच आणि जड गाडी, सिमेंटच्या पट्ट्यांमधल्या एक्सपान्शन जॉइंटवर मागे बसलेल्याला बारीक बारीक धक्के लागत राहतात, लॅडर फ्रेमच्या गाडीत एवढं राहणारच. ड्रायव्हरला उंचावरून बसायची मजा येते ती वेगळी. सिमेंट रोडवर उन्हाळ्यात लांब जाताना टायरची हवा थंड असतानाच चेक करा, ही गोष्ट दोन्ही गाड्यांना सारखीच.

आता काकूंची गोष्ट, कारण माझ्या मते घरात म्हातारं माणूस असेल तर इथेच खरा फैसला होते. फोर्च्युनरजवळ काकू उभ्या राहिल्या, लुगड्याच्या निऱ्या एका हाताने वर घेतल्या, दुसरा हात दाराच्या खांबावरच्या मुठीला, पाय फूटस्टेपवर ठेवला आणि तिथेच थांबल्या, कारण आता दुखऱ्या गुडघ्यावर सगळं वजन टाकून वर उचलायचं होतं. ताईने मागून आधार दिला तेव्हा बसल्या. उतरताना तर त्याहून कठीण. क्यू थ्रीत त्या आधी सीटवर टेकल्या आणि मग दोन्ही पाय आत घेतले, कोणाचा हात नाही लागला. क्यू थ्रीची मागची सीट पुढेमागे सरकते आणि पाठही थोडी कलते, काकूंना ते फारच आवडलं. जागा मात्र खरं सांगायचं तर मागे तिघांना दाटीवाटी, सात जणांना घेऊन लग्नाला जायचं असेल तर तिचं काम नाही. डिक्की ५३० लिटर, चांगली मोठी. फोर्च्युनरची तिसरी रांग दोन्ही बाजूंना वर अडकवून ठेवायची असते, मग संत्र्याचे कॅरेट टाकताना त्या सीट आड येतात.

शहरातलं चालवणं, ताईचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं. फोर्च्युनर जवळपास एक फूट जास्त लांब, सीताबर्डीत किंवा धरमपेठेत पार्किंग शोधताना तो फूट फार मोठा होते. शिवाय बीएस सिक्स, म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांच्या डिझेलमध्ये डीपीएफ असते, काजळी अडवणारं फिल्टर, ते साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम चालावी लागते. मुलांची शाळा, भाजी, बँक, असं दोन दोन किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेल घेतलं तर ते फिल्टर भरत जाते. हायवेवर आठवड्यातून एखादी लांब चक्कर असेल तर काळजी नाही. उन्हाळ्याचं म्हणाल तर फोर्च्युनरच्या पुढच्या सीटमधून थंड हवा येते, ४५ च्या उन्हात हे मला सनरूफपेक्षा हजार पट कामाचं वाटते.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात ह्या किमतीच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स, म्हणजे तिथेच फरक पडतो. सर्व्हिसचा खर्च आणि पार्ट ऑडीचे महाग, आणि जुनी विकताना फोर्च्युनरला जो भाव येते तो ऑडीला येत नाही. आठ दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याने हे धरून चालावं. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या आठवते ना, तेव्हापासून लोक म्हणतात मोठीच गाडी पाहिजे. कृपा करून असं समजू नका. इंजिनने पाणी ओढलं की फोर्च्युनरचं इंजिनही तसंच जाते. गाडी कोणतीही घ्या, इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं ॲड ऑन घ्याच, साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुतेक वेळा मिळत नाही.

फोर बाय टू का नको ते सांगतो. तिला लो रेंज नाही, पांधणीत ती फसणारच, आणि रोडवर क्यू थ्रीसारखा आराम नाही. उरते ती फक्त उंची आणि रुबाब. आपल्याकडे पांढऱ्या फोर्च्युनरचं जे वजन आहे ते मला माहीत आहे, पण तेवढ्यासाठी एवढा पैसा घालणारे पाहिले की जीव तुटते.

भाऊजींनी शेवटी फोर बाय फोर ऑटोमॅटिक बुक केली आणि मला ते पटलं, कारण पावसाळ्यात त्यांचा बगीचा सुटत नाही. बगीचा बटईने दिला असता तर मीच त्यांना ओढून ऑडीच्या शोरूममध्ये नेलं असतं. काकूंसाठी घडीचा छोटा स्टूल गाडीतच ठेवायचं ठरलं आहे आणि ऑल टेरेन टायरचं डिलिव्हरीच्या आधीच बोलून घेऊन राहिले, साइज कंपनीचीच २६५/६० आर १८ ठेवायची, मोठे टायर टाकायच्या भानगडीत पडायचं नाही, स्पीडोमीटर चुकते आणि वॉरंटीवरून वाद होतात.