अनंत: बी पेरावं की फांदी लावावी?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजारच्या काकूंना अनंत लावायचाय. बी की फांदी, यावर त्यांचं अडलंय.

आधी झाड बघा. भरगच्च पाकळ्यांच्या दुहेरी अनंताला सहसा बी धरतच नाही, तिथे प्रश्नच मिटला. एकेरी, सहा पाकळ्यांच्या अनंताला उभ्या कंगोऱ्यांची बोंडं येतात. ती झाडावरच नारिंगी होऊ द्यावीत. मग फोडून गर चाळणीत चोळून धुवायचा, बी सावलीत वाळवायचं. कागदी पाकिटात घालून कोरड्या बरणीत थंड जागी ठेवलं तर टिकतं, पण ताजं पेरलेलं केव्हाही बरं. वर मातीचा पातळ थरच द्या.

खर्च दोन्हींत नगण्य. फरक वेळेचा. बी रुजायला महिना-दीड महिना आणि फुलासाठी दोन-तीन वर्षं. शिवाय फूल आईसारखंच येईल याची खात्री नाही. जून-जुलैत लावलेली चार-पाच इंची कोवळी पण टणक होऊ लागलेली फांदी दीड-दोन महिन्यांत मुळं धरते, फूलही लवकर देते, हुबेहूब तेच. फक्त पावसाळाभर ओल सांभाळावी लागते; पाणी साचलं की कुजते.

सांगलीची काळी चुनखडीची जमीन मात्र दोघांनाही मानवत नाही, पानं पिवळी पडतात. कुंडीत तांबडी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत घ्या.

काकूंना देवपूजेला फुलं हवीत, तर त्यांनी फांदीच लावावी. भरपूर रोपं हवी असतील, किंवा नवं काय उगवतं याची हौस असेल, तर बी.