पी५.जेएस: कोडने चित्र काढायला शिकायचं असेल तर

चित्रकला किंवा डिझाइनकडून आलेला माणूस कोडिंग अर्ध्यावर सोडतो, तो बहुधा गणितामुळे नाही. सॉफ्टवेअर बसवा, प्रोजेक्ट तयार करा, लायब्ररी जोडा, आणि मग कुठे पडद्यावर एक चौकोन उमटतो. तोवर हौस फिटलेली असते. पी५.जेएस या जावास्क्रिप्टमधल्या (ब्राउझरच्या भाषेतल्या) चित्र काढायच्या लायब्ररीने, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाने, नेमका हा वेळ वाचवला आहे. ब्राउझरमध्ये त्याचा वेब एडिटर उघडला की डावीकडे कोड, उजवीकडे कॅनव्हास (चित्र उमटायची जागा) आणि वर प्लेचं बटण. खातं लागतं ते फक्त काम जतन करायला. लायब्ररी फुकट आहे, तिचा कोडही खुला आहे.

घराणंही चांगलं आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं, ते कलाकारांनी कोडमध्ये कच्ची रेखाटनं करावीत म्हणून. तीच कल्पना लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आणली, ते हे पी५. म्हणून इथे प्रोग्रामला प्रोग्राम म्हणत नाहीत, ‘स्केच’ म्हणतात.

नवीन स्केच उघडलं की ४०० बाय ४०० पिक्सेलचा करडा कॅनव्हास तयार मिळतो. त्यात दोन फंक्शनं असतात: ‘सेटअप’ एकदाच चालतो, ‘ड्रॉ’ सेकंदाला साधारण ६० वेळा, आणि त्याची दर फेरी म्हणजे एक फ्रेम. पहिला प्रयोग असा करा: माउसच्या जागी एक गोल काढा आणि ‘बॅकग्राउंड’ची (पूर्ण कॅनव्हास एका रंगाने भरणारी) ओळ ‘ड्रॉ’मधून उचलून ‘सेटअप’मध्ये टाका. इतका वेळ एकटा फिरणारा गोल आता मागे शेपटी सोडत जातो. पडदा आपोआप पुसला जात नव्हता, दर फ्रेमला आपणच पुसत होतो, हे तेवढ्यावरून कळतं.

यापुढची पायरी सगळेच करून बघतात: काळा बॅकग्राउंड १० अल्फाने (अल्फा म्हणजे रंगाचा अपारदर्शकपणा, ० ते २५५) टाकायचा, म्हणजे शेपटी हळूहळू विरेल. ती विरते, पण पूर्ण नाही. काळ्यावर करडे डाग कायमचे राहून जातात. कारण प्रत्येक रंगाची किंमत ० ते २५५ मधला पूर्णांक असते. ती १२ च्या आसपास आली की दर फ्रेमची घट अर्ध्यापेक्षा कमी भरते आणि पूर्णांकात बसवताना आकडा होता तिथेच राहतो. अल्फा २५ केला तर डाग पाचच्या आसपास येतात आणि डोळ्याला सहसा दिसत नाहीत. काळं स्वच्छच हवं असेल तर मागची ३०-४० स्थानं ॲरेमध्ये (आकड्यांच्या यादीत) साठवा, पडदा पूर्ण पुसा आणि शेपटी दर वेळी नव्याने काढा.

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ खातो तो ‘रोटेट’, म्हणजे फिरवण्याचं फंक्शन. दोन गोष्टी एकदम आडव्या येतात. पहिली म्हणजे कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये मोजला जातो (एक पूर्ण फेरी म्हणजे साधारण ६.२८ रेडियन). ४५ लिहिलं तर आकृती सात फेऱ्या मारून साधारण ५८ अंशांवर थांबते, आणि समोरच्याला वाटतं लायब्ररीच बिघडली. सुरुवातीलाच ‘अँगलमोड’ अंशांवर लावून टाका. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे: ‘रोटेट’ आकृती फिरवत नाही, आकृतीखालचा कागद फिरवतो, आणि फिरवतो तो वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती. म्हणून चौकोन जागेवर गरगरण्याऐवजी पडद्याबाहेर झोका घेतो. क्रम असा ठेवा: ‘पुश’ने कागदाची स्थिती जपून ठेवा, मग ‘ट्रान्सलेट’ने कागदाचा कोपरा चौकोनाच्या मध्यावर न्या, मग ‘रोटेट’, मग मध्यबिंदू धरून शून्य-शून्यवर चौकोन, शेवटी ‘पॉप’ने कागद पुन्हा जपलेल्या स्थितीत. ‘पॉप’ राहिला तर त्या फ्रेममध्ये पुढे काढलेलं सगळं तिरकं जातं. पुढची फ्रेम मात्र पुन्हा सरळ कागदाने सुरू होते, त्यामुळे चूक कुठे झाली ते लवकर सापडत नाही.

‘नॉइज’ हे पी५चं सगळ्यात गोड फळ. ‘रँडम’चे आकडे माशीसारखे उडतात, ‘नॉइज’चे वाऱ्यासारखे वाहतात, ढग, डोंगर, हलतं गवत, सगळं यातून निघतं. पण त्याला १, २, ३ असे पूर्ण आकडे देऊ नका, नाहीतर तो ‘रँडम’सारखाच उड्या मारेल. दर फ्रेमला ०.००५ ते ०.०३ एवढीच पावलं टाका. उत्तर ० ते १ मध्ये येतं असं सांगितलं जातं, पण मूळ मांडणीत चार थर असतात, ०.५, ०.२५, ०.१२५ आणि ०.०६२५ वजनाचे. त्यांची बेरीज ०.९३७५, म्हणजे १ कधी येतच नाही, आणि बहुतेक उत्तरं मधल्या पट्ट्यात गर्दी करतात. ‘मॅप’ करताना (उत्तर कॅनव्हासच्या मापात ताणताना) ०.२ ते ०.८ धरलं तर चित्र कडांपर्यंत पसरतं. त्याबाहेरचे मोजके आकडे कॅनव्हासबाहेर जाऊ नयेत म्हणून ‘कन्स्ट्रेन’ लावा, ते आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवतं. आणखी एक: ऋण आकडे दिले तर चिन्ह टाकून दिलं जातं. कॅनव्हासच्या मध्याला शून्य धरून प्रवाहाची जाळी (‘नॉइज’ने दिशा ठरवलेल्या रेषांची) काढली की डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखीच येते. इनपुटमध्ये १००० मिळवा, आरसा जातो. याला सगळे पर्लिन नॉइज (असे वाहते आकडे काढायची प्रसिद्ध पद्धत) म्हणतात, आतला कोड मात्र व्हॅल्यू नॉइज या दुसऱ्या पद्धतीचा आहे. फरक जाणकारालाच दिसेल.

पिक्सेल पातळीवर उतरलात की स्क्रीनची घनता, म्हणजे कॅनव्हासच्या एका पिक्सेलमागे स्क्रीनचे खरे पिक्सेल किती, ती आडवी येते. चारशेचा चौरस कॅनव्हास साध्या स्क्रीनवर ‘पिक्सेल्स’ ॲरेत दर पिक्सेलला चार (तीन रंग आणि अल्फा) याप्रमाणे ६,४०,००० आकडे देतो, दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर २५,६०,०००. एकाच वर्गात अर्ध्यांचा फिल्टर नीट चालतो आणि अर्ध्यांचा कॅनव्हासच्या एका भागावरच, त्याचं मूळ हेच. ‘सेटअप’मध्ये ‘पिक्सेलडेन्सिटी’ १ करा आणि पुढे जा. ‘गेट’ने एकेक पिक्सेल वाचणं सोपं असलं तरी फार हळू; ‘लोडपिक्सेल्स’ करून ॲरेतून वाचायची सवय पहिल्यापासून लावलेली बरी.

चुका सांगण्याची पद्धत मात्र मनापासून आवडावी अशी आहे. ‘सेटअप’च्या बाहेर ‘रँडम’ वापरला तर नुसती लाल ओळ न टाकता ती ओळ ‘सेटअप’मध्ये हलवून बघा, असं सुचवलं जातं. या सोयीची किंमत वेगात मोजावी लागते. स्केच पूर्ण झालं की लायब्ररीची ‘मिन’ (आकसलेली) फाइल जोडा, त्यात हा सल्लागार नसतो.

गतीचा हिशेब कुणी सांगत नाही. दर फ्रेमला ३ पिक्सेल सरकणारा गोल ६० फ्रेमला सेकंदात १८० पिक्सेल जातो, आणि दमलेल्या लॅपटॉपवर ३० फ्रेम झाल्या की ९०. प्रदर्शनात दुसऱ्याच मशीनवर काम लावायचं असेल तर वेग सेकंदात ठरवा आणि ‘डेल्टाटाइम’ला (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेला) १००० ने भागून त्याने गुणा. ‘डेल्टाटाइम’ मिलिसेकंदात येतो, तो भागायचा विसरलं की गोल एका फ्रेममध्ये गायब.

आवाजावर चालणारं काम करताना दोन अडथळे येतात. वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करत नाही, तेव्हा ‘यूजरस्टार्टऑडिओ’ माउसच्या फंक्शनमध्ये ठेवा. दुसरा अडथळा दिसण्याचा. आवाजाच्या विश्लेषणातून १०२४ पट्ट्या मिळतात, प्रत्येक साधारण २१.५ हर्ट्झची. गाण्याचा जीव बहुतांशी ४००० हर्ट्झच्या आत, म्हणजे पहिल्या १९० पट्ट्यांत. सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीने मांडल्या तर चित्राचा उजवा भाग मेल्यासारखा पडून राहतो.

त्रिमिती आणि शेडरपर्यंतही (शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम) पी५ नेतं, पण हात धरणं तिथे संपतं. ‘वेबजीएल’मध्ये (त्रिमितीच्या पद्धतीत) शून्यबिंदू कोपऱ्यातून कॅनव्हासच्या मध्यावर येतो, त्यामुळे जुनं स्केच उजवीकडे खाली सरकलेलं दिसतं. मजकूर लिहायला फॉन्टची फाइल आधी लोड करावी लागते. शेडरच्या भाषेत जिथे दशांश आकडा हवा तिथे १.० ऐवजी नुसतं १ लिहिलं तरी शेडर उभा राहत नाही, कॅनव्हास रिकामा राहतो. कारण ब्राउझरच्या कन्सोलमध्ये शोधा.

छपाईसाठी मोठा कॅनव्हास घ्यायची गरज नाही. ६२० बाय ८७७ वर काम करा आणि शेवटी घनता ४ करा. २४८० बाय ३५०८ म्हणजे ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपक्यांचं) ए४ मिळतं. त्याआधी ‘रँडमसीड’ आणि ‘नॉइजसीड’ला ठरलेला आकडा द्या, म्हणजे दर वेळी तेच आकडे येतात, नाहीतर आवडलेलं चित्र मोठं करताना दुसरंच येईल. व्हिडिओसाठी ‘सेव्हफ्रेम्स’वर विसंबू नका, ते १५ सेकंद आणि सेकंदाला २२ फ्रेमवर अडतं. हालचाल ‘फ्रेमकाउंट’वर (आतापर्यंतच्या फ्रेमच्या मोजणीवर) बांधा आणि एकेक फ्रेम क्रमांकाने जतन करा.

काही हजार आकृत्या एकदम हलवायच्या असतील तर पी५ धापा टाकायला लागतं. वजनदार त्रिमितीला थ्री.जेएस बरं, कॅमेरे-प्रोजेक्टर-सेन्सर एकत्र जोडायला टचडिझायनर, यंत्राची पूर्ण ताकद हवी तर सी++ मधलं ओपनफ्रेमवर्क्स. यांपैकी कशानेही सुरुवात करू नये असं आमचं मत. फ्रेम, कागदाचं फिरणं आणि पिक्सेल हे तीन हिशेब आधी पी५वर हातात बसू द्या.

सध्या शिकताना खरी पंचाईत आवृत्तीची आहे. २०२५ मध्ये आलेल्या २.० मध्ये ‘प्रीलोड’ (चित्रं-फॉन्ट आधी आणणारं फंक्शन) काढून टाकलं. आता ‘सेटअप’ला असिंक (थांबून वाट पाहू शकणारं) करून चित्र ‘अवेट’ने, म्हणजे ते येईपर्यंत थांबून, आणायचं. वक्र रेषांची काही फंक्शनंही बदलली आहेत. जुन्या धड्यांत मात्र ‘प्रीलोड’ जागोजागी आहे. धडा ज्या आवृत्तीचा, तीच आवृत्ती एडिटरच्या सेटिंगमध्ये निवडा, आणि स्केच स्वतःच्या साइटवर ठेवताना इंडेक्स फाइलच्या लिंकमध्ये ‘लेटेस्ट’ न लिहिता पूर्ण क्रमांक लिहा.