पुरानंतर इशाऱ्याची झडती घ्यायला शिकवणारं ट्रेनिंग : जावं का?

सरळ सांगते, जावं. पण कशासाठी जाताय ते आधी समजून घ्या, कारण आमच्या बॅचमधले बरेच जण दोरखंड, बोट, लाइफ जॅकेट असलं काहीतरी शिकायला मिळणार म्हणून आले होते आणि पहिल्या चहापर्यंत त्यांचे चेहरे उतरले. हे बचावकार्याचं ट्रेनिंग नाहीये. पूर, वादळ, दरड, जे काही झालं ते होऊन गेल्यावर गावात बैठक घ्यायची, आणि इशारा कधी निघाला, कुणाला मिळाला, कुठं अडला, मिळाल्यावर लोकांनी काय केलं हे सगळं लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचं, तर अशी बैठक चालवणारी माणसं म्हणजे फॅसिलिटेटर इथं तयार करतात. फी नव्हती, राहणं-जेवण त्यांच्याकडंच. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही, आपल्याकडं नाव आलं की चर्चा नावावरच होते आणि मुद्दा राहतो बाजूला.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ भागात बचत गटांसोबत काम करते, त्यामुळं पूर काय असतो हे मला कुणी स्लाइडवर दाखवायची गरज नव्हती. तरी सुरुवातीला दाखवलाच. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२७ संपेपर्यंत जगातल्या प्रत्येकाला आपत्तीचा इशारा आधी मिळाला पाहिजे, आणि त्याचे चार खांब : धोका कुठं आहे ते माहीत असणं, निरीक्षण आणि अंदाज, इशारा लोकांपर्यंत पोचणं, आणि पोचल्यावर काही करायची तयारी असणं. एवढंच. हे दहा मिनिटांत सांगून होतं, पण जेवणापर्यंत चाललं. जेवण चांगलं होतं.

खरं ट्रेनिंग सुरू झालं दुपारनंतर. भिंतीवर लांबच्या लांब कागद चिकटवला, मधोमध एक रेघ, रेघेच्या वरच्या अंगाला ऑफिसला काय कधी कळलं आणि खालच्या अंगाला लोकांनी काय कधी केलं. केस घेतली २०१९ च्या ऑगस्टमधल्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुराची. वर पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी. आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, राजारामला ३९ फूट इशारा आणि ४३ धोका, सांगलीत आयर्विनला ४० आणि ४५. त्या वर्षी कोल्हापुरात ५५ च्या वर गेलं, सांगलीत ५७ च्या वर. म्हणजे आकडे लोकांकडं होते, व्हॉट्सॅपवर तासातासाला फिरत होते. मग लोक निघाले का नाहीत?

खालच्या अंगाला चिठ्ठ्या लागायला लागल्या तेव्हा ते दिसायला लागलं. "२००५ ला उंबऱ्यापर्यंत आलं नव्हतं" ही एकच गोष्ट वेगवेगळ्या गावच्या माणसांनी वेगवेगळ्या अक्षरात लिहिली होती. प्रत्येकाचा खरा इशारा राजाराम बंधाऱ्यावर नव्हताच, तो स्वतःच्या भिंतीवरच्या २००५ च्या पुराच्या खुणेवर होता. ४५ फूट, ५० फूट म्हणजे माझ्या गल्लीत किती, गोठ्यात किती, हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आमच्याकडं तर कृष्णा-पंचगंगेचा संगम, नृसिंहवाडी-कुरुंदवाडला पाणी हळू चढतं आणि उतरायला त्याहून जास्त वेळ घेतं, त्यामुळं माणूस बघत बसतो, बघत बसतो आणि मग रस्ताच बंद होतो. हे मला आधी अंदाजानं माहीत होतं पण कागदावर वरची आणि खालची चिठ्ठी शेजारी शेजारी बघितली की कुठली बैठक कुठल्या मुद्द्यावर न्यायची ते लगेच कळतं.

आणि जनावरं! त्यांच्या तयार कार्डांत "स्थलांतर", "निवारा", "औषधं" सगळं होतं, जनावरांचं कार्डच नव्हतं. दुधावर चालणारं घर म्हशी बांधून ठेवून छावणीत जाईल का हो? आमच्यातल्या एका दादांनी ते हातानं लिहून चिकटवलं आणि मग निम्म्या "का नाही निघालात"ची उत्तरं त्याच एका कार्डाखाली गेली. ट्रेनर मंडळींनी ते मान्य केलं, पुढच्या बॅचला कार्ड वाढवतो म्हणाले. बघू.

ट्रेनिंगमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारायचा सराव. "तुम्ही का नाही गेलात?" असं विचारलं की समोरचा स्वतःचा बचाव करायला लागतो. तेच "त्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला काय काय माहीत होतं?" असं विचारा, माणूस धडाधडा बोलतो. पाणी येऊन गेल्यावर सगळेच शहाणे असतात, म्हणून माणसाला आजच्या नाही तर त्या वेळच्या माहितीवर उभं करायचं, हे दर थोड्या वेळानं बजावत होते. रोल प्लेमध्ये मला चिडलेली गावकरी केलं होतं आणि मी इतकी मनापासून चिडले की बिचारा फॅसिलिटेटर झालेला मुलगा गप्पच झाला. अलमट्टीचा, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणामुळं आपल्याकडं पाणी तुंबतं का हा विषय तर निघणारच, निघाला, आवाज चढले. त्यावर त्यांनी काय केलं, कडेला एक वेगळा कागद लावला, मुद्दा ज्याचा त्याच्या शब्दात लिहून घेतला, "हे इथं ठरणार नाही पण खोडणारही नाही, वर पाठवू" असं सांगून परत टाइमलाइनवर आणलं. साधी युक्ती आहे पण मी त्यानंतर एका ग्रामसभेत वापरली आणि चालली.

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला त्या पुरात बोट उलटून माणसं गेली, ते सगळ्यांना आठवतंच. अशा गावात बैठक घेताना घरातलं माणूस गेलेल्यांना भरसभेत बोलायला लावायचं नाही, आधी घरी जाऊन भेटायचं, यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडायचं. आणि पाणी ओसरल्या ओसरल्या तर जायचंच नाही. लोक चिखल काढत असतात, पंचनाम्याची वाट बघत असतात, तेव्हा वही-पेन घेऊन जाणाऱ्याला काय ऐकावं लागेल सांगायला नको. फार उशीर केला तरी आठवणी एकमेकांत मिसळून जातात. हा भाग त्यांनी घाई न करता घेतला, त्याचे पूर्ण मार्क.

बाकीच्या केसेसपैकी रायगडमधल्या इर्शाळवाडीची चर्चा चांगली झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. म्हणजे तिथं "इशारा पोचला का" हा प्रश्न फार नंतरचा, चूक पहिल्याच खांबात. जिल्ह्याला पावसाचा इशारा असणं वेगळं आणि त्या एका डोंगराखालच्या घरांना दरडीचा इशारा मिळणं वेगळं. पुणे जिल्ह्यातल्या, दरडीखाली गेलेल्या माळीणचंही निघालं, २०१४ ला गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं होतं. निसर्ग वादळाची केस उलटी, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, अंदाज आधी होता, कोरोनाचे दिवस असूनसुद्धा लोकांना हलवलं, पण वादळ गेल्यावर श्रीवर्धन-मुरुडकडं लाइट आणि नेटवर्क दोन्ही गेलं आणि पुढची कुठलीच सूचना द्यायची सोय उरली नाही. काय बरोबर झालं तेही लिहायचं असतं हे त्यावरून पटलं, नाहीतर आपली प्रत्येक आढावा बैठक म्हणजे नुसती तक्रारपेटी.

मोबाइलवर मोठ्यानं वाजणाऱ्या अलर्टचा विषय पण आला. २०२३ मध्ये टेस्टिंग चालू होतं तेव्हा आमच्या गटातल्या बायकांनी फोन हॅक झाला म्हणून बंद करून ठेवले होते. आणि फोन असतो कुणाकडं? घरात एकच असेल तर तो नवऱ्याच्या खिशात. कोतवाल, पोलीस पाटील, देवळावरचा भोंगा यांच्यापैकी कुणाचं ऐकून पाय हलला, हा प्रश्न बायकांना वेगळं बसवून विचारा असं मी सुचवलं. त्यांच्या फॉर्मात तशी जागा नव्हती.

आता न आवडलेलं. एक, सगळा मसाला इंग्रजीत. ट्रेनर मराठीत छान बोलतात पण हातात दिलेली पुस्तिका ग्रामपंचायतीत कुणाला देणार? दोन, आणि हे जास्त मोठं, पाटबंधारे खात्यातलं किंवा कंट्रोल रूममधलं एकही माणूस खोलीत नव्हतं. सगळे आम्ही संस्थावाले आणि आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीचं ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक. त्यामुळं कागदाच्या वरच्या अंगाला आम्ही ज्या चिठ्ठ्या लावल्या त्यातल्या बऱ्याच पेपरात वाचलेल्या किंवा ऐकीव. विसर्गाचा निर्णय किती वाजता झाला आणि निरोप खाली किती वाजता निघाला हे सांगणारा माणूसच नसेल तर अर्धाच आढावा होतो, आणि मग अर्धा दोष आपोआप नसलेल्या माणसावर जातो. तीन, सर्टिफिकेट लगेच मिळालं, नंतर फोन करून मदत करू म्हणाले होते तो फोन काही आला नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले शिक्षक, बचत गटाच्या सीआरपी ताई (गावपातळीवर गटांचं काम बघणाऱ्या) यांनी जरूर जावं, नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असलेल्यांनी जागा अडवू नये. जाताना एक करा, गावच्या ग्रुपवरचे पुराच्या दिवसांतले मेसेज अजून डिलीट केले नसतील तर तारीख-वेळेसकट प्रिंट काढून न्या, टाइमलाइनच्या वेळी आमच्याकडं ते एकाच माणसाकडं होते आणि सगळी खोली त्याच्याच टेबलाभोवती गोळा झाली होती.