‘आर’मधील प्रचरणाच्या चाचण्या : नियमित वापरानंतरचा अभिप्राय

‘आर’ ही विनामूल्य संगणकीय प्रणाली मी सांख्यिकीच्या कामासाठी रोज वापरतो, आणि तिचा एकच कोपरा येथे तपासणार आहे : समष्टीच्या (ज्या संपूर्ण समूहातून नमुना घेतला त्याच्या) प्रचरणाची, म्हणजे व्हेरियन्सची किंवा मूल्यांच्या विखुरलेपणाच्या मापाची, परिकल्पना-चाचणी आणि विश्वास-अंतराल, म्हणजे खरे मूल्य ज्यात असावे असा नमुन्यावरून काढलेला पट्टा. सरासरीच्या चाचण्या सगळेच शिकतात. परंतु बाटल्या भरणाऱ्या यंत्राची सरासरी अगदी बरोबर असूनही काही बाटल्या ओसंडत असतील आणि काही अर्ध्या राहत असतील, तर दोष प्रचरणात असतो आणि तो सरासरीच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

पहिली उणीव सुरुवातीलाच लक्षात येते. एकाच नमुन्यावरून प्रचरणाची चाचणी करणारे फंक्शन मूळ प्रणालीत नाही. ‘एन्व्हस्टॅट्स’ किंवा ‘डेस्कटूल्स’ हे पॅकेज (जोड-संच) घेतले तर ते मिळते, अन्यथा काय-वर्ग (काय-स्क्वेअर) वितरणाची मूल्ये ‘क्यूकायस्क’ या फंक्शनने काढून गणित स्वतः मांडावे लागते. नमुन्यात २० निरीक्षणे आहेत आणि नमुन्याचे प्रचरण ४ आले आहे, असे धरू. १९ ला (निरीक्षणांपेक्षा एक कमी) ४ ने गुणून येणाऱ्या ७६ ला काय-वर्गाच्या ३२.८५ आणि ८.९१ या मूल्यांनी भागले की समष्टीच्या प्रचरणाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल २.३१ ते ८.५३ असा मिळतो. खालची मर्यादा ४ पासून १.६९ अंतरावर आहे, तर वरची ४.५३ अंतरावर. काय-वर्ग वितरण उजवीकडे झुकलेले असल्यामुळे हे असे होते, आणि ‘अंदाज अधिक-उणे चूक’ या सवयीने पाहणाऱ्याला ते प्रथम पटत नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांकडून हे गणित मी एकदा तरी हाताने करून घेतो, आणि त्या दृष्टीने ही उणीव मला थोडी उपकारकच वाटते. याच आकड्यांवर ‘प्रचरण २.५ पेक्षा जास्त आहे’ ही एकतर्फी परिकल्पना तपासली, तर चाचणी-मूल्य ३०.४ येते, ५ टक्के पातळीची सीमा ३०.१४ असते आणि शून्य परिकल्पना, म्हणजे ‘प्रचरण २.५ पेक्षा जास्त नाही’ हे गृहीतक, जेमतेम नाकारली जाते. दुतर्फी चाचणीत, म्हणजे प्रचरण २.५ पेक्षा कमी किंवा जास्त अशा दोन्ही शक्यता तपासताना, मात्र शून्य परिकल्पना टिकते. चाचणी एकतर्फी की दुतर्फी, हे आकडे पाहण्यापूर्वी ठरवणे का आवश्यक आहे, ते इथे डोळ्यांनी दिसते.

दोन नमुन्यांच्या तुलनेसाठी असलेले ‘व्हार.टेस्ट’ हे फंक्शन मला मनापासून आवडते. एका ओळीची कमांड दिली की एफ-मूल्य (चाचणी-मूल्य), दोन्ही स्वातंत्र्यकोटी (प्रत्येक नमुन्याच्या निरीक्षणांपेक्षा एक कमी), पी-मूल्य (खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता), प्रचरणांचे गुणोत्तर आणि त्या गुणोत्तराचा विश्वास-अंतराल एकत्र समोर येतात. यांतला अंतराल सर्वांत मोलाचा आहे. १० आणि १५ निरीक्षणांच्या नमुन्यांची प्रचरणे ९ आणि ४ असतील, तर गुणोत्तर २.२५ दिसते, पण त्याचा अंतराल साधारण ०.७ पासून ८.५ पर्यंत पसरतो. केवळ पी-मूल्य पाहणारा ‘फरक नाही’ असे लिहून मोकळा होतो, तर अंतराल पाहणाऱ्याला कळते की आठपट फरकाची शक्यताही या माहितीने फेटाळलेली नाही.

माझा गंभीर आक्षेप वेगळा आहे. ही चाचणी समष्टी प्रसामान्य, म्हणजे घंटाकृती ‘नॉर्मल’ वितरणाची, असण्यावर फार अवलंबून आहे. मदत-पानावर ती अट लिहिलेली आहे, पण आउटपुटमध्ये तिचा उल्लेखही येत नाही. सरासरीच्या बाबतीत मोठा नमुना आपल्याला सांभाळून घेतो, येथे तसे घडत नाही, आणि सांख्यिकीतज्ज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी हा धोका १९५३ मध्येच दाखवून दिला होता. समष्टी लाप्लास वितरणाची असेल, म्हणजे टोकाची मूल्ये प्रसामान्यापेक्षा अधिक येत असतील, तर ९५ टक्के म्हणून सांगितलेला अंतराल मोठ्या नमुन्यातही खऱ्या प्रचरणाला सुमारे ७८ टक्के वेळाच सामावून घेतो. आउटपुटच्या शीर्षकाखाली या अटीची एक ओळ छापली गेली, तर कितीतरी चुकीचे निष्कर्ष टळतील.

पर्याय याच प्रणालीत आहेत. ‘बार्टलेट.टेस्ट’ अनेक गटांसाठी चालते, पण प्रसामान्यतेबाबत तीही तितकीच हळवी आहे. ‘फ्लिग्नर.टेस्ट’ बरीच खंबीर आहे. लेव्हीन यांची चाचणी ‘कार’ पॅकेजमध्ये मिळते, आणि तेथे ती सरासरीऐवजी मध्यकापासूनची विचलने घेते, हा निर्णय मला योग्य वाटतो.

प्रणालीच्या रचनाकारांची समज मला सर्वाधिक जाणवली ती मात्र एका शेजारच्या फंक्शनमध्ये. दोन सरासरींची तुलना करणारे ‘टी.टेस्ट’ मुळातच दोन्ही प्रचरणे समान धरत नाही आणि वेल्श यांची रीत वापरते. त्यामुळे सरासरींच्या तुलनेआधी ‘व्हार.टेस्ट’ चालवून परवानगी घेण्याची जुनी प्रथा येथे पाळावी लागत नाही. प्रचरण हाच प्रश्न असेल तेव्हाच मी ती चाचणी वापरतो, आणि त्याआधी आलेख काढून निरीक्षणे पाहतो.