खाडीचे नियम: गावापुरते की सगळ्या गावांनी मिळून?

मासेमारीचे नियम गावाने स्वतः ठरवायचे इथपर्यंत सगळे हो म्हणतात, अडतं ते पुढे. आपल्या गावापुरतंच ठेवायचं, की ठाणे खाडीकाठच्या दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव सगळ्यांची मिळून एक समिती करायची? माझं म्हणणं, हे गावकी बघून नाही, मासळी बघून ठरवा.

गावापुरतं ठेवलं की काम पटकन होतं. कोणाचा डोल (खुंटाला बांधलेलं जाळं) कुठे लागतो सगळ्यांना पाठ, कोणी बारीक आसाचं (भोकाचं) जाळं टाकलं तर संध्याकाळपर्यंत गावभर. शिवल्यांसारख्या (चिखलातले शिंपले) जागा न सोडणाऱ्या मालाला हे बरोबर बसतं. मादागास्करच्या आंदावादोआकामध्ये २००४ ला एका पट्ट्यात काही महिने ऑक्टोपस धरायचा नाही असं ठरलं, तो वाढतो भराभर, त्यामुळे पट्टा उघडल्यावर वजनदार माल आला आणि शेजारची गावंही तसंच करायला लागली, पुढे वेलोंद्रियाके नावाचं बऱ्याच गावांचं एकत्र क्षेत्र झालं. आधी फायदा दिसला मग विस्तार, आपल्याकडे आधी अध्यक्ष कोण यावरच भांडण.

पण जिताडा, बोय, कोलंबी भरती-ओहोटीबरोबर फिरणार. तुम्ही सोडलेलं पिल्लू वरच्या गावाच्या जाळ्यात गेलं तर तुमचा नियम तरी कोण पाळेल? त्यात १ जून ते ३१ जुलैची सरकारी मासेमारी बंदी वल्ह्याच्या होडीला लागू नाही, म्हणजे पावसाळ्यात खाडीत काय धरायचं ते गावांनीच ठरवायचंय. केरळात अष्टमुडीला शिवल्यांसाठी अख्ख्या सरोवराला एकच नियम आहे, डिसेंबर ते फेब्रुवारी बंद, ३० मिमीच्या खालचा आस चालत नाही, २०१४ ला त्यांना एमएससी सर्टिफिकेट (मासळी टिकवून धरणाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय) मिळालं, भारतात पहिलं. पण तिथे सरकार पाठीशी आहे, नुसत्या गावाच्या ठरावावर एवढं झालं नसतं.

आणि एमआयडीसीचं पाणी, सांडपाणी? तिथे आसाचा नियम काय करणार! २०१५ पासून खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसरही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, म्हणजे वनखातंही आलंच. एकटं गाव गेलं की अर्ज फाइलीत जातो.

समितीचा तोटा म्हणजे ती हळू चालते, आणि शिवल्या वेचणाऱ्या बायका गावच्या बैठकीत तोंड उघडतात, मोठ्या बैठकीत होडीवालेच बोलतात.

मला विचाराल तर शिवल्यांचा एक पट्टा गावाने बंद ठेवून सुरुवात करा, आस आणि पावसाळ्याचं सगळ्या गावांनी मिळून ठरवा, सरकारी खात्यांशी फक्त समितीने बोलायचं. समितीत प्रत्येक गावातून निदान एक बाई हे पहिल्याच ठरावात लिहून घ्या, नंतर कोणी घेत नाही.