पाटीवर काय लिहायचं आणि कधीपासून: ब्रिटन की जर्मनी?

भारतात एमबीबीएस करून ब्रिटन की जर्मनी हे ठरवताना पगार, व्हिसा आणि भाषा यांचा हिशोब सगळेच मांडतात. तिथे गेल्यावर नावाच्या पाटीवर, ईमेलखाली, लिंक्डइनवर काय लिहिता येईल आणि कोणत्या दिवसापासून, हा प्रश्न मात्र मागे पडतो. दोन्हीकडे डॉक्टर म्हणून काम करण्याचा हक्क नुसत्या पदवीने मिळत नाही; ब्रिटनमध्ये नोंदणी आणि परवाना लागतो, जर्मनीत परवाना किंवा परवानगी. फरक आहे तो कायदा नेमकं काय पकडतो यात.

ब्रिटनमध्ये नुसतं ‘डॉ.’ राखीव नाही. तिथले एमबीबीएस झालेलेही ते रिवाजानेच लावतात, आणि सर्जन झाले की बरेचजण पुन्हा ‘मिस्टर’वर येतात. 1983 च्या मेडिकल अॅक्टचं कलम 49 पकडतं ते वेगळंच: नोंदणी नसताना ती असल्याचा जाणूनबुजून आव आणणं. फिजिशियन, सर्जन, जनरल प्रॅक्टिशनर असे शब्द खोटेपणाने लावले तरी तोच गुन्हा, आणि शिक्षा दंडाची. कलम 49अ परवान्याच्या तशाच खोट्या दाव्यासाठी आहे, कारण जनरल मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे जीएमसीकडे, नोंदणी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना सोडून नोंदणी ठेवता येते; मग स्वतःला नोंदणीकृत म्हणता येतं, पण औषध लिहून देता येत नाही.

जर्मनीत शब्दच राखीव आहे. डॉक्टरांच्या संघराज्य कायद्याच्या कलम 2अ नुसार ‘आर्त्झ्ट’ (डॉक्टर) किंवा ‘एर्त्झ्टिन’ (स्त्री डॉक्टर) म्हणवून घ्यायला अप्रोबेशन, म्हणजे कायमचा परवाना, किंवा तात्पुरती व्यवसाय-परवानगी लागते. आणि ‘डॉ.’ हा शब्द तिथे व्यवसायाचा नाहीच, तो शैक्षणिक पदवीचा आहे. प्रबंध न लिहिलेला जर्मन डॉक्टरही ‘डॉ. मेड.’ लावू शकत नाही. आपली पदवी मूळ रूपातच लिहायची, विद्यापीठाच्या नावासह. भारतीय एमडीचंही ‘डॉ. मेड.’ होत नाही. रुग्ण ‘हेर डॉक्टर’ म्हणाला तर म्हणू दे, पण पाटी तुमची, जबाबदारी तुमची. दंडसंहितेच्या कलम 132अ मध्ये पदवी किंवा व्यवसायनाम बेकायदा लावल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे.

फसगत सर्वात जास्त होते ती मधल्या काळात. ब्रिटनमध्ये निरीक्षक म्हणून वॉर्डात उभं राहताना ओळख करून देतानाच ‘जीएमसी नोंदणी अजून नाही’ हे सांगावं आणि प्रोफाइलवरही तसंच लिहावं. जर्मनीत काहीजण ‘आर्त्झ्ट’पुढे ‘मान्यता प्रक्रियेत’ असं शेपूट जोडतात. आमच्या मते हे टाळावं. शेपूट लावलं तरी राखीव शब्द वापरलाच जातो. एमबीबीएस आणि विद्यापीठाचं नाव एवढं पुरे.

वाटेचं गणितही वेगळं आहे. ब्रिटनसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7, किंवा ओईटी या वैद्यकीय इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत बी. शिवाय पदवीची मूळ संस्थेकडून पडताळणी. मग प्लॅब या जीएमसीच्या परीक्षेचा पहिला भाग, 3 तासांत 180 प्रश्न, आणि त्यानंतर अभिनय करणाऱ्या रुग्णांबरोबरचा दुसरा भाग. यात मुदतीचा हिशोब चुकतो: पहिला भाग पास झाल्यापासून 2 वर्षांत दुसरा, आणि तो झाल्यापासून 2 वर्षांत परवान्यासह नोंदणी मंजूर व्हावी लागते. एमआरसीपी (मेडिसिन) किंवा एमआरसीएस (सर्जरी) ही ब्रिटिश पदव्युत्तर परीक्षा पूर्ण असेल तर प्लॅबची गरज नाही.

जर्मनीत भाषेच्या युरोपीय पातळ्यांनुसार सामान्य जर्मन बी2 आणि त्यावर सी1 पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा, म्हणजे एफएसपी: 20-20 मिनिटांचे तीन भाग, रुग्णाशी बोलणं, लेखी नोंद, सहकाऱ्याला केस सांगणं. पहिल्या भागात जपावं, कारण रुग्णाशी बोलताना लॅटिन शब्द तोंडात येतात. अभ्यासक्रमाची समकक्षता कागदांवरून मान्य झाली नाही तर ज्ञानपरीक्षा: 60 ते 90 मिनिटांची, तोंडी आणि प्रात्यक्षिक, भर मेडिसिन आणि सर्जरीवर. दोनदाच पुन्हा देता येते.

शब्द लवकर हवा असेल तर जर्मनीची तात्पुरती परवानगी मोहात पाडते. ती मिळाली की ‘आर्त्झ्ट’ लावता येतं. पण ती सहसा एकूण 2 वर्षांपुरती, एकाच राज्यापुरती, कधी एकाच रुग्णालयापुरती असते. बायर्न राज्याची परवानगी घेऊन हेसन राज्यात काम केलं, तर तो परवानगीबाहेरचा व्यवसाय. तारीख उलटली की शब्दही गेला. एकदा अप्रोबेशन मिळालं की मात्र ते देशभर चालतं, नूतनीकरणाशिवाय. ब्रिटनमध्ये दरवर्षी शुल्क आणि दर 5 वर्षांनी रीव्हॅलिडेशन, म्हणजे परवान्यासाठीची फेरतपासणी, आहे. शुल्क राहिलं तर नाव नोंदवहीतून जातं. सुरुवातीच्या काळातच सारखं शहर बदलायचं असेल तर ब्रिटन सोपं. एकदाच कष्ट करून पुढे निवांत राहायचं असेल तर जर्मनी.

आधीच एमडी किंवा एमएस असलेल्यांनी आणखी एक तपासावं. जर्मनीत ‘फाखआर्त्झ्ट’, म्हणजे विशेषज्ञ, हा शब्द राज्याची वैद्यक परिषद देते. भारतातला काळ धरला गेला तरी त्यांनी मान्यता दिल्याशिवाय तो लिहायचा नाही. ब्रिटनमध्ये एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, कायम कन्सल्टंटपद विशेषज्ञ नोंदवहीत नाव आल्यावरच मिळतं, आणि त्यासाठीच्या पोर्टफोलिओ मार्गात पुराव्यांचे कागद शेकड्यांत मोजावे लागतात. भारतातलं रुग्णालय सोडण्याआधीच लॉगबुकवर सह्या घेऊन ठेवा; नंतर विभागप्रमुख बदललेले असतात.