एक फ्लॅट, तीन इच्छुक: कुटुंब, तिघे नोकरदार की कंपनी?

समजा, पुण्यातल्या वाकडमधला टू बीएचके भाड्याने द्यायचा आहे. अपेक्षा मेंटेनन्स धरून महिना २८,००० रुपयांची. रविवारी सात जण घर बघून गेले आणि रात्रीपर्यंत तिघांचा होकार आला.

पहिलं चौघांचं कुटुंब. कमावता एक, भाडं २७,०००, डिपॉझिट ८०,०००, दोन वर्षं राहायचंय, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ मान्य. दुसरे हिंजवडीत नोकरी करणारे तिघे मित्र: ३१,०००, डिपॉझिट एक लाख, करार ११ महिन्यांचा. तिसरी एक कंपनी, तिच्या कर्मचाऱ्याला राहायला घर हवंय: ३०,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, करार दोन वर्षांचा.

बहुतेक मालक इथे दोनच गोष्टी बघतात, जास्त भाडं कोण देतंय आणि ‘फॅमिली’ कोण आहे. खरं गणित तिसऱ्याच गोष्टीवर फिरतं: कोण किती दिवस टिकणार. दर वेळी भाडेकरू बदलला की एजंटला पंधरा दिवसांचं भाडं, रंगरंगोटी-साफसफाईचे साधारण २५,००० आणि रिकामा जाणारा एक महिना, असं धरून दोन वर्षांचा हिशेब मांडू.

| | येणारं भाडं | एजंट + रंगकाम | हातात |
|---|---|---|---|
| कुटुंब, दोन वर्षं | ६,६४,२०० | ३८,५०० | ६,२५,७०० |
| तिघे, दोन वर्षं टिकले, भाडं तेच | ७,४४,००० | ४०,५०० | ७,०३,५०० |
| तिघे ११ महिन्यांत गेले, पुन्हा तसेच आले, तेही ११ महिन्यांत गेले | ६,८२,००० | ८१,००० | ६,०१,००० |
| कंपनी, दोन वर्षं | ७,२०,००० | ४०,००० | ६,८०,००० |
| कंपनीने वर्षाने सोडलं, पुन्हा तशीच आली | ६,९०,००० | ८०,००० | ६,१०,००० |

तिघे टिकले तर कुटुंबापेक्षा ७७,८०० रुपये जास्त, गेले तर २४,७०० कमी. महिन्याला चार हजार जास्त मिळतात म्हणून खूश होणाऱ्याने तिसरी ओळ दोनदा वाचावी.

आता भाडं येत राहील का, ते बघू. हातात पडणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापर्यंत भाडं असेल तर घर सुखाने चालतं. कुटुंबप्रमुखाचा पगार ६२,००० असेल, तर २७,००० म्हणजे जवळपास ४४ टक्के. तिघांचा प्रत्येकी ४५,००० धरला तर ३१,००० म्हणजे २३ टक्के. त्यातला एक गेला तरी उरलेल्या दोघांना ते ३४ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे ओढाताण होईल पण भाडं थांबणार नाही. कुटुंबात मात्र एक नोकरी गेली की सगळंच थांबतं. ‘फॅमिली म्हणजे सेफ’ हे वाक्य स्वच्छतेबद्दल किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारींबद्दल कदाचित खरं असेल, पैशाबद्दल ते तपासूनच घ्यावं.

तपासायचं कसं? तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. स्लिपवरची निव्वळ रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे. नुसती स्लिप कोणीही तासाभरात बनवतो. मग स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काय कापलं जातं ते बघा. या कुटुंबाच्या खात्यातून पाच तारखेला गाडीच्या हप्त्याचे ११,००० जात असतील, तर भाडं आणि हप्ता वजा जाता चौघांना २४,००० उरतात. त्यातच शाळेची फी. कुठे ‘नॅच रिटर्न’ (नॅच म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय) आणि त्याखाली बँकेचा दंड दिसला, तर तो हप्ता परत गेलेला आहे. असं सहा महिन्यांत एकदा झालं तर विचारा, तीनदा झालं तर नमस्कार करा. आधीच्या घराचं भाडं दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास गेलेलं दिसलं, तर त्याहून मोठं शिफारसपत्र नाही.

आधीच्या घरमालकाला फोन करायचाच, पण आत्ताच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. आत्ताच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल, तर तो त्याचं कौतुकच करेल. जुन्या कराराची प्रत मागितली की त्यावर मालकाचं नाव असतं, फोनवरचा माणूस तोच आहे का हे चार प्रश्नांत कळतं.

कंपनीच्या बाबतीत कागद वेगळे. सही करणाऱ्याकडे कंपनीचं अधिकारपत्र किंवा संचालक मंडळाचा ठराव हवा. राहणार कोण, त्याचं नाव करारात हवं, आणि माणूस बदलला तर आधी तुम्हाला लेखी कळवायचं ही अटही. भाडं महिना ५०,००० पर्यंत असेल तर कंपनीला टीडीएस कापावा लागत नाही, त्यावर गेलं की १० टक्के कापला जातो. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने राहण्यासाठी घर घेतलं तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तिनेच भरायचा असतो. काही ठिकाणी अकाउंट्सवाले तो तुमच्या भाड्यातूनच वळता करू बघतात, म्हणून ‘३०,००० हे जीएसटी सोडून’ असं करारात लिहून घ्या. कंपनी सहसा बुडवत नाही, पण लांबवते. बिल, मंजुरी, पेमेंट या चक्रात पाच तारखेचं भाडं पंचवीसला येतं. तुमचा स्वतःचा गृहकर्जाचा हप्ता त्या भाड्यावर असेल, तर हा पर्याय दिसतो तितका आरामाचा नाही.

तिघांच्या बाबतीत नेमकं काय बिघडतं? करार एकाच्या नावावर होतो, तोच सहा महिन्यांत बंगळुरूला जातो आणि घरात दोन अनोळखी चेहरे उरतात. उपाय सोपा आहे. तिघांचीही नावं लायसन्सी (करारातला भाडेकरू) म्हणून, तिघांचेही अंगठे आणि फोटो नोंदणीत, पूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर एकत्रित आणि स्वतंत्रपणेही. भाडं मात्र एकाच खात्यातून एकरकमी यावं. नाहीतर ‘माझे मी दिलेत, त्याचे त्याला विचारा’ सुरू होतं. सहा महिन्यांचा लॉक-इन (तोवर घर सोडायचं नाही ही अट) आणि एक महिन्याची नोटीस याला खळखळ न करता तयार होणारे शक्यतो टिकणारेच असतात.

करार कोणाशीही करा, नोंदणी टाळू नका. ११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, खोटं तुम्ही सिद्ध करायचं. नोंदणीकृत करार संपूनही कोणी हललं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. वीज-पाणी तोडून बाहेर काढायचा शहाणपणा करू नका, कलम २९ ने तेच बेकायदा ठरवलंय.

खर्च किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दरसाल १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. कुटुंबाच्या दोन वर्षांच्या करारावर ते सुमारे १,७०० रुपये होतं, वर शहरात नोंदणी फी १,०००. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची. सोसायटीला कराराची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, मग भाडेकरू बॅचलर असोत की कुटुंब.

आडनाव, गाव आणि ताटात काय वाढलंय, यावरून भाडं वेळेवर येईल का ते कळत नाही. जिथे हेच प्रश्न आधी विचारले जातात, तिथे बँक स्टेटमेंट कोणी बघत नाही, हे मात्र वारंवार दिसतं.

वरच्या आकड्यांवर आमची निवड तिघांची, त्यातल्या निदान दोघांची नोकरी वर्षाहून जुनी असेल आणि लॉक-इन मान्य असेल तर. कुटुंबात दुसरा पगार असेल, किंवा मुलांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि डोक्यावर हप्ता नसेल, तर पारडं फिरतं. शाळेतली मुलं शक्यतो वर्षाच्या मध्ये घर बदलू देत नाहीत. कंपनी त्या मालकाला द्यावी, ज्याला पैसे उशिरा आले तरी चालतात.

चौथाही एक इच्छुक असतो. घर न बघताच होकार देतो, लष्करात आहे म्हणतो, डिपॉझिट पाठवायला क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फोन ठेवा.

टोकन, म्हणजे घर राखून ठेवायची आगाऊ रक्कम, एकाकडूनच घ्या, आणि करार झाला नाही तर ते कधी, किती परत करणार हे त्याच वेळी व्हॉट्सॲपवर लिहा. दुसऱ्या क्रमांकावरच्याला ‘शुक्रवारपर्यंत थांबाल का, अंगठे झाले नाहीत तर घर तुमचं’ असं सरळ सांगा. ऐन वेळी मागे हटणारे कमी नसतात. अंगठे झाले की बाकीच्यांना त्याच संध्याकाळी नाही कळवा आणि त्यांचे आधार, पॅन, स्टेटमेंट फोनमधून काढून टाका.